ट्रंक उघडली तेव्हा : घरातली ओल आवरतानाचे पाच महिने

आमचं घर कुडाळजवळच्या एका गावात आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. घरात मी आणि आई. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पावसाळ्यातली ओल कोकणात कोणाला नवी नाही, आम्हालाही नव्हती. पण २०२५ च्या पावसाळ्यात ती ट्रंकेत शिरली, आणि तिथून पुढे ऑक्टोबरपर्यंत मी वीज न लागणारे ओल शोषणारे डबे, मणी, मीठ, कोळसा असं एकेक करून पाहिलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे, ‘ठेवा, ओल जाते.’ पाकिटावरही त्याहून जास्त काही नव्हतं. नेमकं कुठे ठेवायचं, किती दिवस, आणि कशाने काहीच होत नाही, हे मला पैसे घालून कळलं. म्हणून तारखांसकट लिहितेय.

त्या वर्षी पाऊस तळकोकणात २५ मेलाच आला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे एक काम ठरलेलं असतं. कपाटं रिकामी करायची, गोधड्या, ट्रंकेतल्या साड्या, कागदपत्रांच्या पिशव्या सगळं अंगणात चटयांवर पसरून दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, आणि मग पावसाळ्यासाठी आत ठेवायचं. ते त्या वर्षी राहूनच गेलं. आदल्या दिवशी वाळत घातलेली कोकमाची सोलंसुद्धा अर्धी ओली असतानाच आत घ्यावी लागली. ऊन पुन्हा दिसेल, मग करू, असं म्हणता म्हणता मृग लागला.

११ जूनला मोजणीच्या अर्जासाठी बाबांचं १९८७ चं खरेदीखत हवं होतं, म्हणून मी माजघरातली ट्रंक उघडली. झाकण उचलल्याबरोबर वास आला. ओल्या गोणपाटासारखा, थोडा आंबूस. आई पडवीत तांदूळ निवडत होती, तिथून म्हणाली, ‘गो, ह्यो वास कसलो?’ वरची इरकल साडी बरी होती. तिच्या खालच्या रेशमी साडीच्या घडीवर पांढरे ठिपके होते, बोट लावलं तर पिठासारखे पुसले जाणारे. आणि तळाशी खरेदीखताची फाइल. पानं एकमेकांना चिकटली होती. वरच्या पानावर बाबांची सही होती, तिच्या उजव्या टोकाला हिरवट बुरशीचा गोल, आणि त्या गोलात शाई फिकी पडून पसरलेली. मी ते पान तसंच हातात धरून बसले. आईला दाखवावं की नाही हे पाच मिनिटं कळेना. शेवटी दाखवलं. ती काही बोलली नाही, पदराने पान पुसायला लागली, तेव्हा मीच तिचा हात धरला. बुरशी लागलेलं पान पुसायचं नसतं, पुसली की ती कागदात आणखी आत जाते.

कागदांचं आधी सांगते, कारण असं होतं तेव्हा माणूस घाबरून भलतंच करतो. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका. मी फाइल पडवीत पंख्याच्या वाऱ्यात उभी ठेवली, पानं जिथे आपणहून सुटली तिथे मध्ये कोरे पांढरे कागद घातले, आणि दर चार तासांनी ते बदलले. वर्तमानपत्र घातलं नाही, त्याची शाई उतरते. तीन दिवसांत बारापैकी नऊ पानं सुटी झाली. बुरशी पूर्ण वाळल्यावर तोंडाला फडका बांधून अंगणाच्या कडेला मऊ ब्रशने झाडली. तीन पानं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून नक्कल काढायला १६ जूनला, सोमवारी, दुय्यम निबंधक कार्यालयात गेले. खरेदीखत ज्या पुस्तकात नोंदलेलं असतं ते कोणालाही पाहता येतं आणि त्याची नक्कल मागता येते, त्यासाठी वारस असल्याचा दाखला लागत नाही. हे मला माहीत नव्हतं, मी उगाच बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स घेऊन गेले होते. लागतो तो दस्त क्रमांक आणि वर्ष. माझ्या नशिबाने मागच्या पानावरचा नोंदणीचा शिक्का शाबूत होता. ज्यांच्याकडे तो नंबर नाही त्यांना सूची क्रमांक दोनमध्ये गावाच्या आणि नावाच्या आधारे शोध घ्यावा लागतो, त्याची फी वेगळी. अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि फीचं ऑनलाइन चलन. चलन मी बाहेरच्या सेतूवाल्याकडून भरून घेतलं. सगळं मिळून ४१० रुपये गेले. जुना दस्त असल्यामुळे ‘पंधरा-वीस दिवसांनी या’ असं सांगितलं. घरी येऊन डिजिटल सहीचा सातबाराही उतरवून घेतला, त्याचे पंधरा रुपये. तुमच्या घरातली अशी कागदपत्रं जर अजून चांगली असतील तर आजच त्यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. निदान नंबर आणि वर्ष तरी.

आता ओलीकडे. मी प्रथम एक आर्द्रतामापक मागवला, छोटा घड्याळाएवढा, ३४९ रुपयांचा. १७ जूनला आला. हे यंत्र नसतं तर पुढचं काहीच मला कळलं नसतं, कारण अंगाला दमट लागणं आणि हवेत प्रत्यक्ष किती ओल आहे हे दोन वेगळे हिशोब आहेत. स्वस्तातला मापक चुकीचा असू शकतो, तो घरीच तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवायचं. मिठाच्या सान्निध्यात बंद हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. माझा मापक सकाळी ७९ दाखवत होता. म्हणजे दर वेळी चार वजा करायचे. मापकावर मी पट्टी चिकटवून तसं लिहूनच ठेवलं.

चार वजा करून माजघरात ९०. ट्रंकेत ८७. आईच्या कपाटात ८८. बुरशीला साधारण सत्तर-पंचाहत्तरच्या वर काही दिवस मिळाले की पुरतात. म्हणजे आमच्याकडे तिला सगळीकडेच मोकळं रान होतं.

१८ जूनला कुडाळहून चार डबे आणले, एकेक १४९ रुपयांना. वरच्या कप्प्यात पांढरे खडे, ते कॅल्शियम क्लोराइड. मध्ये जाळी, खाली पाणी साठायला जागा, वर कागदी पापुद्रा. झाकण काढायचं, पापुद्रा काढायचा नाही. खडे हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळतात आणि ते पाणी खाली गळतं. मी चारही डबे माजघराच्या चार कोपऱ्यांत ठेवले. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर पाणी. आई वाकून बघत म्हणाली, ‘ह्या पाणी खंयसून इला?’ मी म्हटलं, हवेतून. तिला ते खरं वाटेना, आणि मला फार आनंद झाला होता. सहा दिवसांत चारही डब्यांत मिळून एक लिटर पाणी जमलं. मापक मात्र हलला नाही. नव्वद, एकोणनव्वद, एक्याण्णव.

तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. माजघर दहा बाय बारा, उंची सरासरी दहा फूट धरली. म्हणजे साधारण चौतीस घनमीटर हवा. सत्तावीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाण्याची वाफ धरते. नव्वद टक्क्यांवरून साठवर यायचं तर त्या खोलीतल्या हवेतून अडीचशे ग्रॅमच्या आसपास पाणी काढायला हवं. एवढंच असतं तर चार डब्यांनी ते दोन दिवसांत केलं असतं. पण आमचं कौलारू घर. कौलांच्या फटींतून, खिडक्यांतून, दाराखालून हवा सतत बदलत राहते. तासाला एकदा जरी खोलीतली हवा बदलली तरी दर तासाला तेवढंच अडीचशे ग्रॅम पाणी पुन्हा आत येतं, म्हणजे दिवसाला सहा लिटर. आणि माझा एक डबा दिवसाला ओढत होता जेमतेम चाळीस मिली.

त्यात भर कपड्यांची. पाऊस लागला की आम्ही माजघरातच दोरी बांधतो. एक दिवस मी मशीनमधून पिळून निघालेले कपडे सामान तोलायच्या हुकच्या काट्यावर तोलले, सुकल्यावर पुन्हा तोलले. दोन किलो शंभर ग्रॅमचा फरक. म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी त्या एका दोरीवरून आमच्या खोलीत उडून गेलं होतं, जितकं चार डब्यांनी बारा दिवसांत ओढलं असतं. त्या संध्याकाळी दोरी पडवीत नेली. पडवीत कपडे सुकायला दोन दिवस लागतात, कुबट वास येऊ नये म्हणून टेबलफॅन लावावा लागतो. तरीही पडवीतच.

माझी आजी असताना या माजघरात एवढी ओल नव्हती, असं आई सांगते. खरं असावं. तेव्हा मागे दिवसभर चूल पेटलेली असायची, तिचा धूर आणि ऊब कौलांपर्यंत जायची, माळ्यावर ठेवलेलं बियाणं, सुकी मासळी, सोलं त्या धगीवर कोरडी राहायची. गॅस आला, धूर गेला, आईचा खोकला थांबला. ते चांगलंच झालं. पण घर कोरडं ठेवणारी ऊबही त्याच्याबरोबर गेली.

२४ जूनला मी चारही डबे खोलीतून उचलले. दोन आईच्या कपाटात ठेवले, एक खालच्या कप्प्यात, एक मधल्या. कपाट प्लायचं, दारांच्या मध्ये आणि खाली बोट जाईल एवढी फट. तिथे खिडकीला लावतात ती चिकट फोमची पट्टी लावली, १२० रुपयांत दोन कपाटांना पुरली. मापक कपाटात, आणि दार दिवसातून एकदाच उघडायचं असं ठरवलं. वापरायचे कपडे बाहेरच्या खुंटीवर आणले.

पहिले चार दिवस ८८ चे ८५ झाले. मी निराश झाले होते. नंतर लक्षात आलं की मी हवेकडे बघत होते, आणि पाणी कपड्यांत होतं. एवढ्याशा कपाटातल्या हवेत दोन-तीन चमचे पाणी असेल, पण सुती कपडे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी टक्के ओल धरून बसतात, हाताला न लागणारी. वीस-पंचवीस किलो कपडे, चादरी म्हणजे लिटरच्या वर पाणी. डबे ओढत होते ते कपड्यांतून हळूहळू सुटणारं पाणी. सहाव्या दिवशी ८१. दहाव्या दिवशी ७३. ८ जुलैला, चौदाव्या दिवशी, ६६. दोन डब्यांत मिळून एक लिटर शंभर मिली पाणी. त्या दिवशी आईच्या सुती साडीची घडी हातात घेतली तर ती हलकी आणि कोरडी लागली, कडेला किंचित कडक. जुलै महिन्यात आमच्या घरात असा कपडा मी आठवत नाही इतक्या वर्षांत हातात घेतलेला नव्हता.

त्यानंतर पाणी जमण्याचा वेग पडला. पहिल्या दोन आठवड्यांत जेवढं जमलं तेवढं जमायला पुढे दीड महिना लागला. म्हणून सुरुवातीला डबे भराभर संपले म्हणून कोणी धीर सोडू नका.

दरम्यान भिंतीचं काम. माजघराची उत्तरेकडची भिंत खालून दोन फूट ओली दिसते, प्लास्टरला लोणा लागून पोपडे सुटतात. ही ओल हवेतली की भिंतीतली हे ओळखायला २८ जूनला मी स्वयंपाकघरातल्या फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवला. दोन दिवसांनी काढला. खोलीकडची बाजू कोरडी, भिंतीकडची ओलीचिंब. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. बाहेर जाऊन पाहिलं तर त्याच जागी वरची पन्हळ फुटलेली, आणि पागोळ्या थेट जोत्यावर आपटत होत्या. जांभा ते पाणी स्पंजासारखं पितो. ३ जुलैला उघाडी मिळाली तेव्हा पन्हळ बदलून घेतली, मजुरीसकट २,३५० रुपये. जोत्याला लागून साचलेली माती आणि पाचोळाही काढला. गवंडीदादांनी सांगितलं की भिंतीला पावसात हात लावू नका, दिवाळीनंतर खालचं सिमेंटचं प्लास्टर काढून चुन्याचं करू, सिमेंटमुळे चिऱ्यातलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. अशा भिंतीसमोर ओल शोषणारे कितीही डबे मांडले तरी उपयोग नाही, ते पाणी जमिनीतून आणि पावसातून भरत राहतं.

माझ्या हातून झालेली चूक ६ जुलैची. आषाढी एकादशी होती, झाडलोट करताना ट्रंक थोडी सरकवली. आत एक डबा ठेवला होता हे लक्षात राहिलं नाही. तो कलंडला. साड्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या म्हणून वाचल्या. पण ते पाणी ट्रंकेच्या सांध्यातून लादीवर आलं. मी फडक्याने पुसलं, पंखा लावला, लादी कोरडी झाली. तासाभराने बघते तर तिथे पुन्हा ओलं. पुन्हा पुसलं, पुन्हा ओलं. दोन दिवस हेच. ते साधं पाणी नसतं, त्यात विरघळलेला क्षार लादीवर राहतो आणि हवेतली ओल ओढून पुन्हा ओला होतो. नुसतं पुसून जात नाही, भरपूर साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊनच काढावं लागतं. ट्रंकेचा पत्रा तळाशी गंजला तो गंजलाच. माझ्या बोटाला चीर होती, तिला ते पाणी चांगलंच झोंबलं आणि हाताची कातडी दोन दिवस कोरडी पडली. चामड्याच्या चपलेवर किंवा पाकिटावर सांडलं तर डाग जात नाही असंही दुकानदाराने नंतर सांगितलं. हातमोजे घाला, डबा नेहमी एखाद्या पसरट प्लास्टिकच्या ताटलीत ठेवा, लहान मुलं आणि मांजरं पोहोचणार नाहीत असा. भरलेलं पाणी मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी सोडा. झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, क्षाराने झाड जातं.

शेजारच्या काकींनी त्या सुमारास मीठ आणि कोळसा सुचवला. दोन्ही मनापासून करून पाहिले. मडक्याला भोकं पाडून त्यात एक किलो जाडं मीठ, खाली परात. माजघरात ते लगेच पाझरायला लागलं. पण साधं मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच ओल ओढतं, त्याच्या खाली ते आपलं कोरडंच राहतं. म्हणजे नव्वदचं पंच्याहत्तर करण्यापर्यंत त्याची धाव, आणि तेही बंद जागेतच. दुकानातल्या बारीक मिठापेक्षा आमच्या इकडचं शिरोड्याच्या मिठागराचं मीठ लवकर ओलं होतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात आणि ते खूपच कमी आर्द्रतेलाही पाणी धरतात. आजीच्या मिठाच्या मडक्याखाली पावसाळाभर वाटी असायची, तिचं कारण मला आता कळलं. कोळशाने कपाटातला वास खरोखर कमी झाला, पण अर्धा किलो कोळसा पंधरा दिवसांनी तोलला तर चाळीस ग्रॅमच वाढला होता. वासासाठी ठेवा, ओलीसाठी नको. चुनकळीही एकाने सुचवली, ती मी घरात आणली नाही. पाणी लागलं की ती तापते, आणि डोळ्यात गेली तर फार वाईट.

जुलैच्या मध्यावर चार डबे संपत आले. दर वेळी १४९ रुपये परवडणारे नव्हते, म्हणून सुटं कॅल्शियम क्लोराइड कोल्हापूरहून मागवलं, पाच किलो ४५० रुपये आणि कुरिअरचे १८०. रिकामे डबे धुऊन त्यातच तीनशे तीनशे ग्रॅम खडे भरले, वरचा पापुद्रा फाटला होता तिथे पातळ सुती कापड रबराने बांधलं. काम अगदी तसंच झालं. उरलेले खडे घट्ट झाकणाच्या बरणीत, वर नाव लिहून. हे महत्त्वाचं आहे, खडीसाखरेसारखे दिसतात.

कागदपत्रांसाठी मात्र पाणी होणारं काहीही मला पुन्हा जवळ नको होतं. २२ जुलैला खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली, वीस दिवसांचे छत्तीस झाले आणि दोन खेपा जास्त पडल्या, पण मिळाली. ती, मूळ फाइल आणि बाबांचे फोटो ठेवायला रबराची कड असलेला घट्ट बंद होणारा प्लास्टिकचा डबा घेतला. त्यात सिलिका जेलचे मणी, सुती कापडाच्या चार पुरचुंड्यांत दोनशे ग्रॅम. एक किलो ३२० रुपयांना मिळाले. भगव्या रंगाचे घ्या, ओल भरली की हिरवे होतात. निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते पोटात जाणं वाईट. मणी ओले होऊन विरघळत नाहीत, सांडले तरी नुकसान नाही, आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा ओल धरतात. हिरवे झाले की ओव्हनमध्ये एकशेवीस अंशांवर दोन तास. माझ्याकडे ओव्हन नाही, जुन्या लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर भाजते, खिडकी उघडी ठेवून, आणि ती कढई आता त्याच कामाची. आच मोठी केली तर मणी तडतडून फुटतात. ऊन दाखवून ते नीट कोरडे होत नाहीत, दोनदा करून पाहिलं. कागदांच्या डब्यात आर्द्रता पन्नासच्या आसपास आली की मी एक पुरचुंडी काढून घेते. फार कोरडं झालं तर जुने फोटो वळतात.

मणी उरले होते, तेव्हा आईच्या श्रवणयंत्राची आठवण झाली. दर पावसाळ्यात ते घोगरं होतं, मध्येच बंद पडतं. आदल्या वर्षी दोनदा दुरुस्तीला गेलं. आता रात्री झोपताना यंत्र काढायचं, सेल काढून बाहेर ठेवायचा, कारण सेल कोरड्या डब्यात लवकर संपतो, सेलचं दार उघडं ठेवायचं आणि यंत्र चिमूटभर भगव्या मण्यांच्या छोट्या डबीत, मध्ये कापूस ठेवून. २५ जुलैपासून रोज. पुनर्वसूचा तरणा पाऊस गेला होता, पुष्याचा म्हातारा पाऊस धो धो लागला होता, कौलांवर एवढा आवाज की एरवी मी तिच्याशी ओरडूनच बोलते. एका सकाळी चहा देताना नेहमीसारखी ओरडले तर म्हणाली, ‘मोठ्यान बोलू नको गो, ऐकाक येता माका.’ या सगळ्या उपद्व्यापातलं मला सर्वांत जास्त काय मिळालं असेल तर ते वाक्य.

२७ ऑगस्टला गणपती. आदल्या आठवड्यात ट्रंक उघडली. तिच्यात आता डबा नाही, मण्यांच्या सहा पुरचुंड्या आहेत, आणि झाकणाच्या कडेला फोमची पट्टी. मापक ६२. ठिपके पडलेली रेशमी साडी जूनमध्येच झटकून, सावलीत वारा देऊन ड्रायक्लीनला दिली होती. पांढरे ठिपके गेले, पदराजवळ एक पिवळसर डाग राहिला. कोरडं केल्याने बुरशी मरत नाही, नुसती थांबते, ओल मिळाली की पुन्हा उठते, म्हणून ती साडी इतरांपासून वेगळी ठेवली आहे. आरतीची वही, टाळ, पाटावरचं वस्त्र, सगळं कोरडं निघालं. गौरीला आईने इरकल नेसवली.

खर्च लिहून ठेवला आहे. मापक दोन, ६९८. डबे ५९६. सुटे खडे कुरिअरसकट ६३०. मणी ३२०. पट्टी १२०. एकूण २,३६४ रुपये, एका पावसाळ्याचे, त्यातला निम्म्याहून जास्त खर्च पुढच्या वर्षी पुन्हा नाही. पन्हळीचे २,३५० वेगळे, आणि कागदांचे ४२५. ओल शोषणारं विजेवरचं यंत्र याच्या कितीतरी पट महाग, आणि आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते. माजघरात आम्ही अजूनही पंच्याऐंशीत राहतो, ते मी मान्य केलं आहे. मला कोरडी हवी होती ती चार ठिकाणं : कपाट, ट्रंक, कागदांचा डबा आणि आईची डबी.

दिवाळीनंतर गवंडीदादा येऊन भिंत बघून गेले. ओलीची रेघ दोन फुटांवरून दीड वितीवर आली होती, नुसत्या पन्हळीने. चुन्याच्या प्लास्टरचं काम जानेवारीत घेऊ म्हणाले, चिरा तोवर जेवढा सुकेल तेवढा बरा. ऑक्टोबरच्या पहिल्या खणखणीत उन्हात मी ट्रंक अंगणात काढली, तळाचा गंज घासला, रंगाचा हात दिला आणि झाकण उघडं टाकून दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी आत घेताना आईने त्यात डोकं घालून वास घेतला, आणि कॅलेंडरच्या पुढच्या वर्षीच्या पानावर मला १० मेला खूण करायला लावली. कपडे उन्हात घालायची.